टच केलेली राजकन्या

माणसाचा चेहरा दिसला की विष्णू हावळांना आधी त्यात काय दुरुस्त करायचं ते दिसायचं. त्यांचा काही इलाज नव्हता, धंदाच तसला. कोल्हापुरातल्या एका फोटो स्टुडिओत त्यांनी उभी हयात टचिंगमध्ये काढली. टचिंग म्हणजे काय हे हल्लीच्या पोरांना ठाऊक असायचं कारण नाही. फोटोची निगेटिव्ह तिरक्या डेस्कवर ठेवायची, मागून उजेड सोडायचा आणि अगदी बारीक टोक काढलेली पेन्सिल तिच्यावरून हलक्या हाताने फिरवत राहायची. निगेटिव्हवर पेन्सिल फिरली की छापलेल्या फोटोत ती जागा उजळ उठते. डोळ्यांखालची काळी वर्तुळं जातात, देवीचे व्रण जातात, मुरमं जातात. आणि रंगही जातो बरं का. काळीसावळी मुलगी गव्हाळ होते, गव्हाळ असली तर चक्क गोरी. स्थळाला फोटो पाठवायचा म्हटलं की 'हावळांच्या हातून करून घ्या' असं सगळी पेठ सांगायची, आणि आपल्या पेन्सिलीवर किती लग्नं जमली हे विष्णू मिशीतल्या मिशीत हसत सांगायचे. पाहुणे प्रत्यक्ष बघायला आल्यावर त्यातली किती मोडली, ते मात्र त्यांनी कधी विचारलं नाही. कशाला विचारतील?

पुढे कॉम्प्युटर आला. स्टुडिओत एक पोरगा माऊस घेऊन बसायला लागला आणि विष्णूंचं तिरकं डेस्क माळ्यावर गेलं. मग बायको गेली, मालिनी. घरात एकटे राहून राहून माणूस पार गप्प झालं, तेव्हा मुलगा शैलेंद्र त्यांना अमेरिकेला घेऊन आला. मिनेसोटातल्या ईडन प्रेरीला त्याचं घर होतं, ऐसपैस, दोन गाड्यांच्या गॅरेजचं. शैलेंद्र आणि सून रुपाली, दोघंही सॉफ्टवेअरमधली. सकाळी दोन गाड्या निघून जायच्या, आणि मागे हीटरचा आवाज आणि आबा. घरात आता सगळे त्यांना आबाच म्हणत, तेव्हा आपणही तेच म्हणू.

रुपाली वाईट नव्हती हो. डबा झाकून ठेवायची, औषधं काढून द्यायची, दुपारी ऑफिसातून फोन करून जेवलात का विचारायची. पण थंडी सुरू झाली की आबांचं बाहेर पडणं बंद, आणि बोलायचं म्हटलं तर बोलणार कुणाशी? त्या घरात त्यांचं म्हणावं असं माणूस एकच होतं, नात आन्या. तेरावं सरत आलेलं. तिचं मराठी मोडकं आणि आबांचं इंग्रजी त्याहून मोडकं, तरी शाळेची बस आली की ती आधी आबांपाशी येऊन बसायची. दिवसभरात झालेलं सगळं सांगायची. आबांना त्यातलं अर्धं कळायचं आणि तेवढं त्यांना दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुरायचं.

शनिवारी आन्याचा ड्रॉइंगचा क्लास मिनिआपोलिसच्या म्युझियममध्ये असे. २००७ च्या जानेवारीत शैलेंद्र आबांनाही बरोबर न्यायला लागला, तेवढंच त्यांचं फिरणं होईल म्हणून. क्लास संपेपर्यंत आबा दालनांमधून हिंडायचे. एका शनिवारी आन्या त्यांना शोधत आली तर ते एका चित्रासमोर कमरेवर हात ठेवून उभे, आणि स्वतःशीच हसतायत.

चित्र एका राजकन्येचं होतं. आन्याच्याच वयाची पोर. पावडर लावून पांढरे केलेले केस, त्यात खोचलेली इवली इवली गुलाबाची फुलं, आभाळी रंगाचा रेशमी झगा, कोपरापाशी लेसच्या झालरींवर झालरी, मांडीवर एक गुबगुबीत कुत्रं. अडीचशे वर्षांपूर्वीचं. आन्याच्या टीचरने सांगितलं होतं की अशा नाजूक, गुलाबी, नटव्या चित्रांना रोकोको म्हणतात.

आबांनी तिला जवळ ओढलं आणि दाखवलं, की हात बघ, बोटांची पेरं, मनगटावरची शीर, सगळं आहे तसं काढलंय. आता तोंड बघ. हनुवटीखाली सावली नाही, नाकाच्या बाजूला सावली नाही, दोन्ही गालांवर गुलाबी रंग तोलून मापून सारखा. हात खरे आहेत, तोंड टच केलंय. हा माणूस आपल्यातलाच!

आन्याने बाजूची पाटी वाचली आणि तिला जमेल तसं मराठीत सांगितलं. ही प्रिन्सेस तेरा वर्षांची असताना हे पेंटिंग केलं आणि दुसऱ्या किंगडमला पाठवलं. तिथल्या प्रिन्सला बघायला. मग मॅरेज ठरलं.

"म्हणजे स्थळाचा फोटो!" आबा एवढ्या मोठ्याने म्हणाले की दारातला गार्ड वळून बघायला लागला.

परतताना सगळा रस्ता आबा बोलत होते. स्थळ म्हणजे काय, फोटो कसे पाठवायचे, मुलीचे वडील डेस्कपाशी उभे राहून 'जरा उजळ करा हं' कसे हळूच म्हणायचे. शैलेंद्रने आरशातून दोनदा मागे बघितलं. एवढं बोलताना त्याने वडलांना आई गेल्यापासून ऐकलं नव्हतं. आन्याने एकच विचारलं, की मग प्रिन्सने तिला खरी बघितल्यावर तो काय म्हणाला? आबा म्हणाले, तोवर ठरलेलं असतंय सगळं, म्हणतोय काय.

आणि त्याच रस्त्यावर आबांनी जाहीर करून टाकलं की मार्चमध्ये आन्याच्या तेराव्या वाढदिवसाला तिचं असंच चित्र काढायचं. राजकन्येसारखं.

झालं, बेसमेंटमध्ये स्टुडिओ उभा राहिला. ऑइल पेंटचा वास हीटरच्या हवेतून घरभर पसरेल म्हणून रुपालीने अॅक्रिलिकचे रंग आणून दिले. आबांनी थोडी कुरकुर केली आणि घेतले. म्युझियमच्या दुकानातून त्या राजकन्येचं पोस्टकार्ड आणलं होतं. त्याच्यावर चौकोन आखले, कॅनव्हासवर तितकेच, पण मोठे चौकोन आखले आणि जुन्या सवयीने एकेक चौकोन उतरवायला घेतला. आन्या शनिवार-रविवारी दुपारी समोर बसायची. अंगाभोवती आईची निळी रेशमी साडी गुंडाळलेली, कुत्र्याच्या जागी मांडीवर सोफ्यावरची उशी. पाच मिनिटं झाली की तिची चुळबूळ सुरू. आबा म्हणायचे, बस की जरा. शेवटी ती स्वतःच उशीला दटावायला लागली, बस की जरा.

ते दोन महिने आबांना सोन्यासारखे गेले. आन्याच्या मैत्रिणींची नावं त्यांना पाठ झाली. कोण कुणाशी बोलत नाही आणि का, हेही कळलं. आन्याला पंचगंगेचा घाट कळला, आजीच्या हातचा तांबडा रस्सा कळला. सकाळी उठायला आता कारण होतं. आबा तोंडाने म्हणायचे नाहीत, पण त्यांना कळत होतं की या पोरीने आपल्याला पुन्हा माणसात आणलं.

साडीचा झगा झाला, झालरी झाल्या, उशीचं कुत्रं झालं, हातही झाले. तोंड तेवढं राहिलं. तोंड सगळ्यात शेवटी करायचं आणि गिऱ्हाईक समोर नसताना करायचं, ही स्टुडिओतली रीत. गिऱ्हाईक समोर असलं की हात मोकळा चालत नाही. म्हणून आबांनी ते आठवड्यात, आन्या शाळेत असताना केलं. इतक्या वर्षांनी हात सैल सुटला होता. पोरगी चांगली काळीसावळी. पण नातीचं चित्र, त्यात राजकन्या, मग हात आखडता कसा घेणार? नाक तिचं, डोळे तिचे, जिवणी तिची. रंग मात्र आबांनी आपल्या पदरचा दिला. एवढं मन लावून त्यांनी कुठल्याच मुलीला गोरं केलं नव्हतं.

शनिवारी सगळ्यांना खाली बोलावलं. रुपालीने तोंडावर हातच ठेवला. अगदी डॉल दिसतेय म्हणाली, लगेच मराठी मंडळातल्या मैत्रिणीला फोन लावला, वाढदिवसाच्या पार्टीत दारातच इझलवर ठेवायचं ठरवून टाकलं. शैलेंद्र म्हणाला, आबा, भारी झालंय. आन्या बराच वेळ बघत राहिली. मग "इट्स नाइस, आबा, थँक यू" म्हणाली आणि वर निघून गेली. आबांना वाटलं, पोर लाजली.

सोमवारी बस आली. आन्या आली, जोडे काढले आणि सरळ जिना चढून खोलीत. मंगळवारी तसंच. आबांनी मनाची समजूत घातली, परीक्षा असेल, आता मोठी होतेय. बुधवारी त्यांनी चिवड्याची वाटी भरून ठेवली, ती तशीच राहिली. जेवताना ती जेवढ्यास तेवढं बोलायची. वाईटवकटं काही नाही, उद्धट तर मुळीच नाही. पाहुण्यांशी बोलतात तसं बोलत होती, आणि ते आबांच्या फार जिव्हारी लागलं. बायको गेल्यावर घर कसं झालं होतं ते त्यांना ठाऊक होतं. तसे दिवस पुन्हा काढायची त्यांच्यात ताकद नव्हती, आणि आपलं काय चुकलं तेही कळत नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी ते कठड्याला धरून जिना चढले. गुडघ्यांमुळे ते एरवी वर जातच नसत. आन्या पलंगावर वाचत बसली होती. आबा खुर्चीवर टेकले, दम खाल्ला आणि सरळ विचारलं, की माझ्यावर रागावलीस का?

ती नाही म्हणाली. मग पुस्तक मिटून म्हणाली, "आबा, ते पेंटिंग कुणाला पाठवायचंय?"

"पाठवायचं कुठं? तुझंच आहे. तुझ्या वाढदिवसाचं."

"मग टच का केलं?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता.

मग ती बोलायला लागली, अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत, आबांना कळावं म्हणून थांबत थांबत. शाळेत कुणी काही म्हणत नाही. आपल्या लोकांतच म्हणतात. गणपतीला एक काकू म्हणाल्या, अगं, किती टॅन झालीस. ती टॅन झाली नव्हती, ती तशीच आहे. उन्हाळ्यात स्विमिंगला निघाली की आई मागून सनस्क्रीन घेऊन धावते, तिला एकटीलाच लावते. आणि ते पेंटिंग बघून आई किती खूश झाली! "माझ्याकडे बघून ती कधीच एवढी खूश झालेली नाही." हे शेवटचं ती अगदी साधेपणाने म्हणाली, तक्रार म्हणूनसुद्धा नाही.

"मला वाटलं, तू तरी मला बघतोयस," ती म्हणाली. "इतके वीक्स मी तुझ्यासमोर बसले."

आबांना पोरीच्या डोक्यावरून हात फिरवावा असं वाटलं, पण हात उचलायचं धाडस होईना. ते उठले आणि एकेक पायरी बघत खाली गेले.

शुक्रवारी सकाळी दोन्ही गाड्या गेल्यावर त्यांनी कॅनव्हासवरचं तोंड मातकट रंगाने सपाट झाकून टाकलं. मनाला लागलं, नाही असं नाही. उत्तम झालेलं काम होतं. मग रंग मिसळायला बसले, आणि तिथे खरी पंचाईत झाली. काळ्यापांढऱ्या फोटोंवर हाताने रंग भरायच्या पेटीत अंगाचा रंग म्हणून त्यांच्याकडे जन्मभर एकच बाटली, फिक्या गुलाबी रंगाची. पाटलाची लेक असो की कुणाची, सगळ्यांना तीच. सावळा रंग मिसळायची वेळ कधी आलीच नव्हती. आठवणीने करायला गेले तर एकदा चिखल झाला, एकदा कौलं झाली, एकदा तर चहाच. दुपारपर्यंत पॅलेट भरली आणि एकही रंग माणसाचा वाटेना.

रुपाली त्या दिवशी लवकर घरी आली, खाली डोकावली आणि मटकन खुर्चीत बसली. एवढं सुंदर झालेलं चित्र! पार्टी आठवड्यावर आली, लोकांना सांगून झालंय. आबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, सूनबाई, सगळं बरोबर होतं, फक्त पोर आपली नव्हती. आन्या वर त्यांना काय म्हणाली तेही त्यांनी सांगितलं, सनस्क्रीनचंसुद्धा, काही न गाळता. रुपाली त्या मातकट गोलाकडे बघत बसली आणि मग डोळे पुसून वर गेली.

बस आली तेव्हा आबा दाराशीच उभे होते.

"मला तुझा रंग जमेना," ते म्हणाले. "येतीस का खाली?"

आन्याने त्यांच्याकडे बघितलं. शर्टाच्या बाहीवर, मिशीला, चष्म्याच्या काडीला, सगळीकडे तपकिरी डाग. तिने दप्तर तिथेच सोडलं.

खाली तिने बाही वर सारली आणि हात टेबलावर ठेवला, दिव्याखाली. आबांनी एक रंग मिसळला आणि तिच्या मनगटाच्या जरा वर त्याचा एक ठिपका ठेवला. अॅक्रिलिक ओलं असताना एक दिसतं आणि वाळल्यावर गडद होतं, त्यामुळे थांबल्याशिवाय कळत नाही. दोघं थांबली. आन्याने फुंकर घातली. ठिपका वाळला आणि स्पष्ट दिसला, फार पिवळा. आबांनी त्यात जरा निळा घातला, दुसरा ठिपका. फार काळपट. तिसऱ्यात लाल जास्त. आबांना आता गंमत वाटायला लागली होती. या हातात किती रंग होते! कोपराकडे एक, मनगटाच्या आतल्या बाजूला दुसरा, बोटांच्या पेरांवर आणखी गडद. हे सगळं समोर बसलेलं असताना आपण पोस्टकार्डात काय बघत होतो, असं त्यांना झालं आणि ते तसं बोलूनही दाखवलं. आन्या हसली. सबंध आठवड्यात पहिल्यांदा.

एक ठिपका वाळायची वाट बघताना ती म्हणाली, "आबा, आपल्या घरात माझ्यासारखं कुणीच नाही ना? मम्मी फेअर. डॅड मधला. आजीपण फेअर होती."

आजीला ती भेटलीच कुठे होती? वर देव्हाऱ्याशेजारी आजीचा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला, तेवढीच तिची आजी.

आबांनी ब्रश पाण्यात बुडवला, पुसला. चिमूटभर पिवळा घेतला, त्यात किंचित लाल, आणि एक नवा ठिपका ठेवला. आन्याने फुंकर घातली. आबांनी तिचा हात हातात घेऊन दिव्याजवळ नेला, चष्मा वर केला, खाली केला.

"कुठं गेला?"

"इथेच आहे," आन्या म्हणाली, आणि तिलाही सापडेना. तिने बोटाने चाचपून बघितलं.

आबा तो हात धरून बसून राहिले. हा रंग त्यांच्या ओळखीचा होता. भाकरी थापताना बघितलेला, दवाखान्यात रात्रंदिवस हातात धरून ठेवलेला. इतकी वर्षं घरात होता आणि त्यांनी तो एकदाही मिसळला नव्हता.

"तुझी आजी या रंगाची होती," ते म्हणाले. "अगदी हाच. वरचा फोटो मी टच केलाय."

आन्या वर छताकडे बघत राहिली, जणू तिथून फोटो दिसणार होता. मग स्वतःच्या हाताकडे.

"मग ती खरी कशी दिसायची, आबा?"

आबांनी डोळे पुसले, खुर्ची पुढे ओढली आणि ब्रश त्या रंगात बुडवला.

"बस की जरा. दाखवतो."

आणि त्यांनी कॅनव्हासवर आन्याच्या कपाळापासून सुरुवात केली.